पाण्यात ‘नॅनो’ ओतण्याआधी

‘नॅनो’ हा शब्द चिकटला की वस्तूची किंमत वाढते, हे विकणाऱ्यांना आता पाठ झाले आहे. ग्राफीनचा लेप दिलेली बाटली, फुलरीनचे नाव सांगून विकले जाणारे काळे शुंगाइट दगड, ‘नॅनो कार्बन’ अशी पाटी लावलेले पिकाचे टॉनिक. विकणारा म्हणतो, हा शुद्ध कार्बन आहे, कोळसाच म्हणा ना, याने काय अपाय होणार? पुढच्याच वाक्यात तो सांगतो, याने पाण्यातले जंतू मरतात. दोन्ही वाक्ये एका दमात बोलली जातात आणि ऐकणारा मान डोलावतो. जंतू मारणारी वस्तू निरुपद्रवी कशी, हे विचारायचे राहूनच जाते.

याच्या उलट टोकाची माणसेही भेटतात. कार्बनचे सूक्ष्म कण जिवाणूंना मारतात एवढे अर्धे वाक्य त्यांच्या कानावर पडलेले असते आणि तेवढ्यावर ती घरच्या फिल्टरमधल्या कोळशाकडे संशयाने पाहू लागतात. या दोघांसाठीही हे लिहितो आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. कार्बनचे काही नॅनोकण, काही रूपांत आणि काही मात्रेत, जिवाणूंची वाढ रोखतात किंवा त्यांना मारतात. तेच कण गढूळ नदीत, खाऱ्या पाण्यात किंवा शेतातल्या मातीत पडले की बऱ्याचदा निष्प्रभ होतात. आणि कित्येकदा मारेकरी कार्बन नसतोच, त्याच्यासोबत बाटलीत राहून गेलेला दुसराच पदार्थ असतो. म्हणून ‘विषारी आहे का?’ एवढ्याच प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोणता कण, कसा बनवलेला, किती, कोणत्या पाण्यात आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो, कारण ही गोष्ट मोठी मजेदार आहे.

कार्बनचे साठ अणू फुटबॉलच्या आकारात जोडलेला फुलरीनचा रेणू १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात सापडला. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली या तिघांना त्यासाठी १९९६चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९१मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यांच्यामागे लागल्या. आपल्या मुंबईच्या आयआयटीतही कापरापासून अशा नळ्या बनवण्यावर काम झाले. २००४मध्ये मँचेस्टरला ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, वेगळे काढण्यात यश आले, त्यालाही २०१०मध्ये नोबेल मिळाले. या सगळ्या वर्षांत पाण्याची चिंता फारशी कोणी केली नाही, आणि त्याला कारणही होते. फुलरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. टोल्युइनमध्ये त्याचा सुंदर जांभळा द्रव होतो, पाण्यात मात्र तो पाण्याशी काही संबंध नसल्यासारखा वागतो. विरघळतच नाही तर पाण्यातल्या जिवांना त्याचा काय त्रास, असा साधा हिशेब होता.

हा हिशेब चुकला. फुलरीन सुटासुटा विरघळत नसला तरी त्याचे रेणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळे बनवतात आणि ते गोळे महिनोन्‌महिने पाण्यात तरंगत राहतात. अशा पाण्याला फिकट पिवळी छटा येते. हे गोळे काही नॅनोमीटरपासून काहीशे नॅनोमीटरपर्यंतचे असतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण दोन हजार नॅनोमीटर लांब असतो, यावरून प्रमाण लक्षात येईल.

२००४च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या संशोधक इव्हा ओबरडॉर्स्टर यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात एक प्रयोग मांडला. लार्जमाउथ बास जातीचे मासे त्यांनी ४८ तास फुलरीनच्या पाण्यात ठेवले होते. मात्रा होती दशलक्ष भागांत अर्धा भाग. माशांच्या मेंदूतील स्निग्ध द्रव्याला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली. या प्रयोगावरच्या त्यांच्या निबंधात आणखी एक बारीक नोंद होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. फुलरीन असलेल्या टाक्यांतले पाणी साध्या टाक्यांपेक्षा अधिक नितळ झाले होते. कारण काय असावे? पाण्यातले जिवाणू मेले असावेत, असा अंदाज त्यांनी नोंदवला होता. नितळ पाणी म्हणजे चांगले पाणी असे समजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पुढच्याच वर्षी, २००५मध्ये, जॉन फोर्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. फुलरीनचे गोळे असलेल्या पाण्यात जिवाणूंचे काय होते, हे त्यांनी नीट मोजले होते. लिटरमागे ०.४ मिलिग्रॅमपासून पुढे जिवाणूंची वाढ थांबत होती आणि ४ मिलिग्रॅमला त्यांचे श्वसन मंदावत होते. जाड भिंतीचे आणि पातळ भिंतीचे, दोन्ही प्रकारचे जिवाणू यात होते. त्याच निबंधात असेही होते की पाण्यात मीठ वाढले की हे गोळे एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इथवर गोष्ट सरळ दिसते. मग तिला फाटे फुटले. फुलरीन पाण्यात आणण्यासाठी बरेच संशोधक आधी तो टेट्राहायड्रोफ्युरॉन नावाच्या द्रावकात विरघळवत, मग पाण्यात मिसळत आणि द्रावक उडवून टाकत. पण द्रावक पूर्ण उडतो का? २००७मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या गटाने झेब्रा माशाच्या पिल्लांवर वेगवेगळ्या तऱ्हेने बनवलेले पाणी वापरून पाहिले. द्रावकातून बनवलेल्या फुलरीनच्या पाण्यात पिल्ले दगावली. फुलरीन अजिबात नसलेल्या, पण त्याच द्रावकाच्या प्रक्रियेतून गेलेल्या पाण्यातही अपाय दिसला. नुसते पाण्यात ढवळून बनवलेल्या फुलरीनने मात्र तसे केले नाही. म्हणजे निदान माशांच्या बाबतीत तरी, बऱ्याचशा आरोपाचा धनी द्रावक आणि त्याची बिघडलेली उपउत्पादने होती.

तर मग जिवाणूंचे प्रकरणही द्रावकाच्या नावे टाकून मोकळे व्हायचे का? तेही करता येत नाही. राइस विद्यापीठातल्याच डेलिना लायन आणि पेद्रो अल्वारेझ यांच्या गटाने २००६मध्ये चार वेगवेगळ्या पद्धतींनी फुलरीनचे पाणी बनवले. त्यातल्या काही पद्धतींत तो द्रावक नव्हताच. चारही पाण्यांनी जिवाणूंना रोखले, आणि गोळे जितके बारीक तितका परिणाम जास्त. मासा आणि जिवाणू या दोघांना एकच न्याय लावून चालत नाही, हा यातला धडा मला महत्त्वाचा वाटतो. माशावरचा प्रयोग वाचून जिवाणूबद्दल बोलणारे आणि जिवाणूवरचा प्रयोग वाचून माणसाबद्दल बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

नॅनोनळ्यांचे वागणे आणखी निराळे आहे. येल विद्यापीठात मेनाखेम एलिमेलेक यांच्या गटाने २००७मध्ये दाखवले की एकपदरी नॅनोनळ्यांना ई. कोलायचा थेट स्पर्श झाला की त्याच्या आवरणाला इजा होते आणि तो मरतो. स्पर्श व्हायला हवा, ही अट आहे. जाडसर, अनेक पदरांच्या नळ्यांचा परिणाम त्या मानाने बराच कमी. नळ्या बनवताना लोह, निकेल, कोबाल्ट असे धातू वापरतात. त्यांचा अंश धुऊन काढला नाही तर तोही पाण्यात उतरतो, आणि मग जिवाणू नळीने मेला की निकेलने, हे सांगणे कठीण होते.

ग्राफीन ऑक्साइडच्या बाबतीत तर दोन विरुद्ध निष्कर्ष एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात छापून आले. साल २०११. सिंगापूरचा गट म्हणाला, हे जिवाणूंना मारते. अमेरिकेतला गट म्हणाला, आमच्याकडे तर जिवाणू त्यावर चिकटून अधिक जोमाने वाढले. दोघेही खोटे बोलत नव्हते. २०१६मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी एक पैलू उलगडला: नीट धुऊन शुद्ध केलेल्या ग्राफीन ऑक्साइडने त्यांच्या चाचण्यांत जिवाणूंना काहीच केले नाही, आणि अर्धवट धुतलेल्याने मारले, कारण त्यात बनवतानाच्या आम्लाचा अंश उरला होता. म्हणजे पुन्हा तीच कथा. पाटीवर लिहिलेल्या पदार्थापेक्षा पाटीवर न लिहिलेला पदार्थ भारी पडतो.

या साऱ्यावरून सामान्य ग्राहकाने घ्यायचा अर्थ रोखठोक आहे. संशोधकांना, महागड्या उपकरणांसह, आपल्या कुपीत नेमके काय आहे हे ठरवायला वर्षे लागली. ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो विक्रेता ‘शंभर टक्के शुद्ध कार्बन’ असे म्हणतो तेव्हा त्याला स्वतःलाही ते ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे.

आता खऱ्या पाण्याकडे येऊ. प्रयोगशाळेतले माध्यम स्वच्छ, मोजूनमापून बनवलेले असते. नदी, विहीर, ओढा तसा नसतो. पाला कुजून पाण्यात उतरलेली तपकिरी ह्युमिक द्रव्ये असतात, चिकणमातीचे कण असतात, क्षार असतात. ही ह्युमिक द्रव्ये कार्बनच्या कणांभोवती थर बनवतात आणि जिवाणूशी त्यांचा थेट संपर्क तुटतो. विळ्याला गोणपाट गुंडाळल्यावर त्याने गवत कापता येत नाही, तसे काहीसे होते. क्षार वाढले की कण एकत्र येऊन खाली बसतात, हे मघा पाहिलेच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००७मध्ये मातीत फुलरीन मिसळून तिच्यातल्या सूक्ष्मजीवांची वस्ती तपासली, तेव्हा फारसा फरक आढळला नाही. २००८मध्ये त्याच विद्यापीठात हवेविना काम करणाऱ्या, मैला कुजवणाऱ्या जिवाणूंवर तोच प्रयोग झाला. त्यांनीही फुलरीनची दखल घेतली नाही.

पण म्हणून सगळ्या कणांना सगळ्या जिवाणूंच्या बाबतीत माफी, असे म्हणू नका. हवा फुंकून मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतला जो गाळ असतो, त्यातल्या जिवाणूंवर २०१०मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल शाखेत नॅनोनळ्या वापरून पाहिल्या गेल्या. मात्रा वाढत गेली तसे त्यांचे श्वसन घटत गेले. फुलरीनला माफी आणि नळीला शिक्षा, असा हा निकाल नाही. जीव वेगळे, कण वेगळे, मात्रा वेगळ्या. शेवाळाच्या बाबतीत तर झुरिचच्या संशोधकांना २०११मध्ये असे दिसले की नॅनोनळ्यांमुळे वाढ खुंटण्याचे मोठे कारण विष नसून सावली आहे. काळे कण पाणी काळवंडवतात, शेवाळाच्या पेशींना लपेटून बसतात आणि त्यांना उजेड मिळत नाही.

किती कण आहेत तरी पाण्यात? स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००९मध्ये गणिती अंदाज बांधला, तेव्हा नद्यांतल्या कारखानी नॅनोनळ्यांचे आणि फुलरीनचे प्रमाण लिटरमागे एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी निघाले. जिवाणूंची वाढ थांबवणारे ०.४ मिलिग्रॅम म्हणजे चार लाख नॅनोग्रॅम. दोहोंत लाखोंपटींचे अंतर आहे. मात्र हा अंदाज होता, मोजणी नव्हती. २०१०मध्ये स्पेनच्या कॅटलोनियातल्या २२ मैलाशुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी प्रत्यक्ष तपासले गेले, तेव्हा निम्म्या ठिकाणी त्यातल्या गाळकणांवर फुलरीन सापडले आणि काही ठिकाणी ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या घरात होते. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. तिथेही हे सगळे फुलरीन कोणा कारखान्यानेच सोडले असे नाही, कारण फुलरीन काजळीतही असते. चूल, दिवा, ट्रकचा धूर, सगळे जळणे कार्बनचे सूक्ष्म कण सोडतेच. माणसाने आग पेटवली तेव्हापासून पाण्यातले जिवाणू काजळीसोबत राहत आले आहेत.

जो कार्बन कशात तरी घट्ट बांधलेला असतो त्याची चिंता आणखी कमी. तमिळनाडूतील कीळडीच्या उत्खननात मिळालेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या खापरांच्या काळ्या लेपात कार्बनच्या नॅनोनळ्या असल्याचे २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कुंभाराला नॅनो ठाऊक नव्हते, आणि नळ्याही इतकी शतके त्या लेपातच बसून राहिल्या. टेनिसच्या रॅकेटमधली किंवा मोटारीच्या बॅटरीतली नॅनोनळी अशीच बंदिस्त असते. प्रश्न सुट्या पावडरीचा आणि सुट्या द्रवाचा आहे. तो पाण्यात ओतणाऱ्याचा आहे.

म्हणून आता घरातल्या, शेतातल्या आणि शाळा-कॉलेजातल्या गोष्टींबद्दल स्पष्ट बोलतो.

पिण्याच्या पाण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे चूक झाली तर माणूस आजारी पडतो. कार्बनचा कोणताही प्रकार, नॅनो असो वा साधा, जंतू मारायचे साधन म्हणून घरी वापरू नका. फुलरीनचा ०.४ मिलिग्रॅम हा आकडा आणि क्लोरीनचा आकडा शेजारी ठेवले तर जवळपास सारखे दिसतात: क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण सारखेपणा आकड्यापुरताच. क्लोरीन कमी पडला की जास्त झाला, हे दोन थेंबांच्या चाचणीत कळते. तो स्वस्त आहे, उन्हात उडून जातो, उकळले तरी जातो. फुलरीन किंवा नॅनोनळी पाण्यात किती उरली हे घरी कोणालाच कळणार नाही, ती उडत नाही आणि उकळून जातही नाही. शिवाय तुमच्या हंड्यातल्या पाण्यात क्षार आणि गाळ असल्याने तिने जंतू मारलेच, याचीही खात्री नाही. शुंगाइटच्या दगडांचेही तेच. रशियातल्या करेलियाच्या त्या प्राचीन खडकात फुलरीनचा अंश आढळल्याचे १९९२मध्ये प्रसिद्ध झाले, पण अंश म्हणजे अंशच. तो दगड हंड्यात टाकून पाणी निर्जंतुक झाले असे समजून लहान मुलाला पाजू नका.

आता कोळशाच्या फिल्टरची भीती. फिल्टरमधला सक्रिय कार्बन नॅनोकण नव्हे. त्याचे दाणे डोळ्यांना दिसतील एवढे असतात किंवा ते दाबून एकसंध ठोकळा केलेला असतो. नॅनो आकाराची असतात ती त्या दाण्यांच्या आतली छिद्रे, आणि वास, रंग, क्लोरीन तिथेच शोषले जातात. नवी कँडल किंवा कार्ट्रिज बसवल्यावर पहिले काही लिटर पाणी काळसर येते, ते ओतून द्या, एवढेच. आणि गंमत अशी की या कार्बनवर जिवाणू मरत तर नाहीतच, उलट ते तिथे घर करतात. कार्बनने क्लोरीन काढून टाकलेला असतो, छिद्रांत खाद्य साठलेले असते, ओलावा कायमचा. म्हणूनच काही उत्पादक त्यात चांदी घालतात. तेव्हा चिंता करायचीच तर याची करा: कार्ट्रिज वेळेवर बदला. मे महिन्यात गावाला जाऊन आलात की नळ उघडून बराच वेळ पाणी वाहू द्या, मग प्या. जंतू मारायचे किंवा अडवायचे काम अतिनील दिव्याने, आरओच्या पडद्याने, उकळीने किंवा क्लोरीनने होते, कार्बनने होत नाही.

सेप्टिक टाकी आणि सोसायटीचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र, यांच्याबद्दल माझे मत ठाम आहे. तिथे जे काही शुद्ध होते ते जिवाणूंच्या पोटात होते. एसटीपीच्या टाकीत रात्रंदिवस हवा सोडतात ती त्यांच्यासाठी. दुर्गंधी घालवण्यासाठी कोणी ‘जंतुनाशक नॅनो कार्बन’ घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याचे म्हणणे खरे असेल तर तो तुमचे कामगार मारायला आला आहे, आणि खोटे असेल तर तुमचे पैसे घ्यायला. तसे पाहिले तर या जिवाणूंचे रोजचे शत्रू नॅनोकण नाहीतच. संडास धुवायचे ॲसिड आणि फिनाइल बाटल्याच्या बाटल्या ओतणारे आपणच आहोत. तो हात आधी आखडता घ्या.

मासे पाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. टाकीतली माशांची घाण आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून निस्तरणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात बसलेले असतात. टाकीच्या फिल्टरमध्ये साधा सक्रिय कार्बन वापरायला हरकत नाही. पाणी ‘क्रिस्टल क्लिअर’ करून देतो म्हणणारा नॅनो द्रव मात्र नको. टेक्सासच्या त्या टाक्यांतले पाणीही नितळच झाले होते.

शेतकरी बांधवांसाठी. नॅनो युरिया ही निराळी वस्तू आहे, तिची गल्लत इथे करू नका. हे बोलणे ‘नॅनो कार्बन’, ‘ग्राफीन’, ‘फुलरीन’ अशा नावाने येणाऱ्या फवारण्यांचे आणि ठिबकातून सोडायच्या द्रवांचे आहे. मातीतल्या जिवाणूंवर फुलरीनचा फारसा परिणाम दिसला नाही, हे वर सांगितले. म्हणजे एखाद्याने एकदा वापरले म्हणून जमीन नापीक होईल, अशी भीती मी घालणार नाही. पण रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर अशी जिवाणू खते पैसे देऊन आणायची आणि त्याच टाकीत एखादा अज्ञात काळा द्रव मिसळायचा, हा व्यवहार शहाणपणाचा नाही. नॅनो शेती-निविष्ठांची सुरक्षितता कशी तपासावी याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२०मध्ये काढलेली आहेत. विक्रेत्याला त्याच्या मालाची नोंदणी आणि चाचणीचे कागद मागा. ‘विदेशी तंत्रज्ञान’ हे उत्तर आले तर उसाचे पैसे खिशातच राहू द्या. आणि विहिरीजवळ, शेततळ्याजवळ पंप धुऊ नका. हे तर कोणत्याही फवारणीला लागू आहे.

कॉलेजांतल्या प्राध्यापकांना आणि एमएस्सीच्या मुलांना एक विनंती. प्रकल्पासाठी बनवलेले ग्राफीन ऑक्साइड, नॅनोनळ्या, कार्बन डॉट्स यांचे उरलेले पाणी बेसिनमध्ये ओतू नका. लिंबाच्या रसापासून किंवा कापरापासून बनवले म्हणून ते आपोआप सौम्य होत नाही. बनवताना वापरलेले आम्ल, द्रावक आणि धातूच कित्येकदा खरे उपद्रवी ठरतात, हे आपण पाहिले. वेगळ्या बाटलीत भरा, पाटी लावा आणि घातक कचरा नेणाऱ्याकडे द्या. कोरडी पावडर तर उघड्यावर हाताळूच नका. पाण्यातल्या जिवाणूंपेक्षा तुमच्या फुप्फुसांना तिचा धोका अधिक आहे. २००८मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ नॅनोनळ्या टोचल्या, तेव्हा ॲस्बेस्टॉससारखाच दाह दिसला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अनेकपदरी नळ्यांच्या एका प्रकाराला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला’ या गटात टाकले. मास्क, फ्यूम हूड, ओली पुसणी हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

पालकांनी आणि शिक्षकांनी विज्ञान प्रदर्शनात ‘कार्बन नॅनो फिल्टर’ मांडणाऱ्या मुलाचे कौतुक जरूर करावे, आणि सोबत दोन प्रश्नही विचारावेत: कण पाण्यात उतरत नाहीत हे कसे तपासलेस? गाळलेल्या पाण्यात जंतू उरले का, हे कुठे मोजलेस? मुलाला उत्तर नसेल तर ते शोधणे हाच पुढच्या वर्षीचा प्रकल्प.

राहता राहिले ते सगळ्यात जुने काम. तुमच्या गावच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर रोज पडते का, ती उघड्या पोत्यात पडून निकामी झालेली नाही ना, आणि शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीनच्या चाचणीला, पिवळा रंग येतो का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. रंग आला नाही तर तुमच्या समोर पुन्हा टेस्ट करायला सांगा. आशाताईंकडून मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रवाची बाटली मागून घ्या. यासाठी ‘नॅनो’ लागत नाही. पाऊस सुरू होण्याआधी हे करा.